रोज मोटारसायकल चालवणाऱ्याने पायात काय घालावे?

रामबागकर | ८ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

रोज मोटारसायकलवर कामाला जाणाऱ्याने पायात काय घालावे, याचा विचार आपण हेल्मेटच्या निम्म्यानेही करत नाही. मीही गेल्या मार्चपर्यंत केला नव्हता. माझा रोजचा रस्ता इंदुरात रामबागेतून रीगल, पलासिया करत विजयनगरपर्यंतचा. गाडी सव्वाशे सीसीची आहे आणि गर्दीमुळे वेग कधीच फार नसतो. रंगपंचमीच्या संध्याकाळी, गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) आटोपून रस्ते धुऊन झाल्यावर, एका सिग्नलला थांबताना मी डावा पाय झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर टेकवला. पट्टा ओला होता, सँडलचा सोल झिजून गुळगुळीत झाला होता, आणि पाय बाहेर सरकताच गाडी त्याच अंगावर कलंडली. सँडलचा पट्टा तुटला नाही, पण टाच सोलवरून निसटून रस्त्यावर आली आणि फूटरेस्टची लोखंडी नळी घोट्याच्या बाहेरच्या हाडावर येऊन बसली. गाडी जागच्या जागी पडली होती, तरीही हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर, त्यानंतर कुबडी, आणि अजूनही जिना उतरताना पाय जपून टाकावा लागतो.

आता पुन्हा गाडी सुरू करायची आहे आणि सँडल घालून ती चालवायची नाही, एवढे ठरले आहे. अडचण अशी, की हेच बूट दिवसभर ऑफिसातही पायात राहणार आहेत, त्यामुळे शर्यतीत घालतात तसे गुडघ्यापर्यंतचे बूट मला चालणार नाहीत. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि जूनच्या मध्यापासून पाऊस लागतो, तेव्हा दोन्ही ऋतूंत निभावेल असे काहीतरी हवे. जवळ तीन हजार रुपये आहेत. दुकानात बूट हातात घेतल्यावर नेमके काय तपासायचे, हे जाणकारांनी सांगावे. चप्पल घालून गाडी चालवल्यास खरोखर दंड होतो का, हेही कोणास ठाऊक असल्यास लिहावे.

पिथमपूरकर | ८ जून, रात्री १०.५५

रामबागकर, पाय लवकर पूर्ववत होवो. मी पिथमपूरच्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात आहे आणि कामगारांसाठी बूट निवडणे हा माझ्या कामाचाच भाग असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

आधी दंडाचे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये हेल्मेटची सक्ती आहे, पादत्राणांची नाही. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये सुधारित कायदा लागू झाला, तेव्हा चपलेवर दंड होतो अशी अफवा फार पसरली होती आणि केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या कार्यालयाने असा दंड नसल्याचे जाहीरपणे सांगितले होते. परंतु दंड नाही, याचा अर्थ चप्पल सुरक्षित आहे असा होत नाही.

आता बुटांचे. कारखान्यात वापरतात त्या बुटांना आयएस १५२९८ हे भारतीय मानक आहे आणि त्याचे भाग समजून घेतले तर तुमची निवड सोपी होईल. भाग २ म्हणजे ज्यांच्या पुढे कडक टोपी असते ते सेफ्टी शूज. ती टोपी २०० जूलचा आघात सोसते, म्हणजे साधारण वीस किलोचे वजन एक मीटर उंचीवरून पडल्यासारखा. भाग ३ मध्ये तीच कसोटी १०० जूलची असते. भाग ४ मध्ये टोपीची अट नसते. सोल, चामडे आणि शिवण मात्र तशीच दणकट असते. लोक सेफ्टी शूज म्हटले की फक्त भाग २ चाच विचार करतात. मोटारसायकलसाठी मी भाग ४ चा, घोटा झाकणारा बूट सुचवेन, कारण तुमची बोटे नव्हे तर घोटा दबला होता. जिभेवर किंवा तळाला आयएसआयचे चिन्ह आणि भागाचा क्रमांक छापलेला असतो, तो वाचून घ्यावा.

सोल कशाचा आहे हे जरूर विचारावे. स्वस्त बुटांचा सोल बहुधा पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा असतो. तो हलका असतो, पण गरम सायलेन्सरला टेकला तर वितळतो, आणि बूट वर्ष-दोन वर्षे कपाटात पडून राहिले तर हवेतील ओलाव्याने आतून कुजून चालताना त्याचा भुगा होतो. आमच्याकडे गोदामात राहिलेले अनेक कोरे जोड असे वाया गेले आहेत. नायट्राइल रबराचा सोल थोडा जड असतो, परंतु एचआरओ ही खूण असलेला सोल ३०० अंश तापलेल्या पृष्ठभागावर एक मिनिट टिकतो आणि तेलावर, ओल्यावर त्याची पकड चांगली राहते.

दुकानात तीन गोष्टी हाताने करून पाहाव्यात. बूट टाचेशी आणि टोकाशी धरून ओला टॉवेल पिळतात तसा पिळावा. सहज पिळला गेला तर गाडी अंगावर पडल्यावर पायही तसाच पिळला जाईल. मग मधोमध दोन्ही बाजूंनी दाबावा. बाजू आत दबून एकमेकींना भेटू लागल्या तर तो बूट नको. शेवटी टाचेच्या मागची कड अंगठ्याने दाबावी. ती घट्ट राहिली पाहिजे. चवड्यापाशी मात्र बूट वाकलाच पाहिजे, नाहीतर गिअर बदलताच येणार नाही.

जानापाव | ९ जून, सकाळी ७.२०

पिथमपूरकरांशी बहुतांशी सहमत आहे, पण एका गोष्टीवर थोडा आक्षेप आहे. माझे रविवार मांडू, ओंकारेश्वर, चोरल अशा फेऱ्यांत जातात आणि मी सेफ्टी शूज घालून दोन वर्षे काढली आहेत. पुढची टोपी असलेल्या बुटाचे नाक इतके उंच असते, की एक खाली आणि बाकीचे वर अशा पद्धतीच्या गिअरमध्ये लिव्हरखाली पाय जातच नाही. दरवेळी पाय मागे घेऊन, तिरका करून आत सरकवावा लागतो. सिमरोलच्या घाटात वळणावर गिअर चढवताना असा पाय अडकला, की लक्ष रस्त्यावरून पायावर येते, आणि धोका तिथेच असतो.

मोटारसायकलच्या बुटांसाठी स्वतंत्र युरोपीय मानक आहे, ईएन १३६३४. त्याच्या लेबलवर मोटारसायकलस्वाराचे चित्र आणि त्याखाली चार आकडे असतात. प्रत्येक आकडा १ किंवा २ असतो आणि तो अनुक्रमे बुटाची उंची, रस्त्यावर घासले जाण्यापासून टिकाव, कापले जाण्यापासून टिकाव आणि आडव्या दाबाला सोलचा विरोध यांची पातळी सांगतो. घोट्याला आतून संरक्षक पट्टी असेल तर आयपीए अशी अक्षरेही असतात. रामबागकर, तुमचा घोटा ज्या रीतीने दबला त्याच्याशी या चौथ्या आकड्याचा थेट संबंध आहे, आणि बूट मधोमध दाबून पाहणे ही त्याचीच घरगुती आवृत्ती आहे. या मानकाचे, दिसायला साध्या बुटांसारखे असणारे घोट्यापर्यंतचे जोड हल्ली मिळतात, पण तीन हजारांत बसतील असे मला दिसलेले नाहीत. पुढे कधी पैसे जमले तर तेच घ्यावेत.

धावण्याच्या बुटांबद्दल एक शब्द, कारण बहुतेक जण चपलेवरून थेट त्यांच्यावर जातात. त्यांचे वरचे अंग जाळीचे असते आणि डांबरावर जाळी क्षणात उडते. खालचा फेसाचा थर जाड असल्याने पायब्रेक किती दाबला जातो आहे ते तळव्याला कळत नाही. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक नव्या गाड्यांना एकत्रित ब्रेक असतो, म्हणजे पायब्रेक दाबला की पुढचा ब्रेकही काही प्रमाणात लागतो. अशा गाडीवर उजव्या पायाचा अंदाज चुकला तर दोन्ही चाकांवर परिणाम होतो.

डॉ_सुदामानगर | ९ जून, दुपारी २.१५

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. रामबागकरांच्या पायाबद्दल त्यांचे डॉक्टर सांगतील तेच खरे मानावे. मी येथे सर्वसाधारण लिहितो.

घोट्याचा सांधा म्हणजे नडगीचे हाड आणि त्याच्या बाहेरच्या अंगाचे बारीक हाड, या दोहोंच्या चिमट्यात बसवलेले पायाचे हाड. पाय जमिनीवर अडकून राहतो आणि गाडीच्या वजनाने शरीर एका बाजूला जाते, तेव्हा हा चिमटा उघडला जातो आणि बहुधा बाहेरचे हाड आधी मोडते. त्यासाठी वेगाची गरजच नसते. उभ्या गाडीखाली पाय सापडून आलेले, साइड स्टँड नीट न लावल्याने गाडी अंगावर आलेले रुग्ण आम्ही नेहमी पाहतो. घोटा झाकणारा, लेस घट्ट बांधलेला बूट हाड मोडणारच नाही अशी हमी देत नाही, पण पाय मुरगळण्याची मर्यादा तो आवळतो आणि पाय बुटातून निसटू देत नाही. याहून मोठा फायदा कातडीचा आहे. घोट्याच्या हाडावर मांस नसते, फक्त पातळ कातडी असते. ती रस्त्यावर घासून गेली की हाड उघडे पडते, जंतुसंसर्गाची भीती वाढते आणि पुढे शरीराच्या दुसऱ्या भागाची कातडी तेथे लावावी लागू शकते. हाड सहा-आठ आठवड्यांत जुळते, पण गेलेली कातडी भरून यायला रुग्ण महिनोन्‌महिने खेपा घालतो.

भाजण्याबद्दल कोणी फारसे लिहिलेले नाही. बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजव्या बाजूला असतो आणि पोटरीच्या व घोट्याच्या आतल्या बाजूला त्याचे चटके बसतात, विशेषतः मागून उतरणाऱ्यांना आणि लहान मुलांना. नायलॉनचे मोजे वितळून कातडीला चिकटतात, म्हणून मोजे सुती किंवा लोकरीचे घालावेत. चटका बसलाच तर वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली पाय धरावा. टूथपेस्ट, शाई, बर्फ यांपैकी काहीही लावू नये. ज्यांना बरीच वर्षे मधुमेह आहे त्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असते. त्यांना चटका किंवा बूट चावलेला कळतही नाही. अशांनी उघडी पादत्राणे घालून मोटारसायकल मुळीच चालवू नये, आणि नवे बूट घातल्यावर पहिले काही दिवस रोज संध्याकाळी तळवे व बोटांच्या बेचक्या उजेडात पाहाव्यात.

जुना_बुलेटवाला | ९ जून, सायंकाळी ६.०५

डॉक्टरसाहेब, आपण घोट्याचे इतके स्वच्छ समजावलेत, त्याबद्दल आभार. मी आता सत्तरीच्या पुढे आहे आणि माझ्याकडे अजून उजव्या बाजूला गिअर व डावीकडे ब्रेक असलेली जुनी बुलेट आहे. नव्या मुलांना बटणस्टार्टची सवय आहे, पण ज्यांना अजून किक मारावी लागते त्यांच्यासाठी लिहितो.

बुलेटला किक मारण्याआधी डीकॉम्प्रेसर (इंजिनातला दाब सोडणारी खिट्टी) दाबून अँपमीटरचा काटा मध्यावर आणायचा, आणि मग किक सोडताना पायाचे सगळे वजन सलग खाली न्यायचे. किक अर्धवट मारली तर इंजिन उलटा फटका देते आणि लिव्हर वर येऊन नडगीवर किंवा पावलाच्या वरच्या अंगावर बसते. मी तरुणपणी चपलेवर किक मारत असे. एकदा पाय लिव्हरवरून घसरला आणि नडगीची कातडी चार बोटे सोलली गेली. तो व्रण आजही आहे. तेव्हापासून पायात टाचेचा ठोकळा असलेला चामडी बूट नसेल तर मी गाडीला हात लावत नाही. लिव्हर चवड्याखाली नव्हे तर टाचेच्या ठोकळ्यापुढच्या खोबणीत धरायची असते, म्हणजे पाय पुढे घसरत नाही. सपाट तळाच्या बुटाला ही खोबण नसते. बूट उलटा करून टाचेची पुढची कड बोटाने चाचपून पाहा. ती स्पष्ट लागली पाहिजे. फूटरेस्टवरही हीच कड पाय जागेवर ठेवते.

लेस बांधल्यावर तिची टोके बुटात खोचून ठेवावीत. सुटी लेस किकच्या किंवा गिअरच्या लिव्हरला गुंडाळली जाते आणि हे कळते ते सिग्नलवर पाय खाली टेकवायच्या क्षणी.

भंवरकुआँ_विद्यार्थी | ९ जून, रात्री ११.३०

सर्वांचे वाचले, फार उपयोग झाला. माझी अडचण वेगळी आहे. मी शिकतो आहे, खोलीचे भाडे आणि शिकवणीची फी भरून बुटांसाठी आठशे-नऊशेच्या वर काही उरत नाही. माझ्याकडे एक कॅनव्हासचे आणि एक जुने शाळेचे काळे चामडी बूट आहेत. यांपैकी गाडीवर कोणते घालावेत, आणि त्यांत काही सुधारणा करता येईल का?

पिथमपूरकर | १० जून, सकाळी ६.५०

शाळेचे काळे चामडी बूट घाला. ते घोटा झाकत नाहीत ही उणीव आहेच, पण चामडे कॅनव्हासपेक्षा कितीतरी जास्त घासणे सोसते आणि टाचेचा ठोकळा त्यांना असतो. सोल फक्त चिकटवलेला असेल तर मोच्याकडून त्याला कडेने शिवण मारून घ्या. आमच्या कारखान्याच्या फाटकाबाहेर एक मोची बसतात. ते आरीने सोलच्या कडेला छिद्र पाडतात, मेण लावलेला दोरा आरीच्या आकड्याने खालून वर ओढून घेतात आणि प्रत्येक टाक्याला दोन्ही टोके ताणून गाठ आत बसवतात. अर्ध्या तासात एक जोड होतो. अशी शिवण असलेला सोल पाय अडकला तरी उकलत नाही. तळाची नक्षी झिजली असेल तर त्यावर जुन्या टायरच्या रबराचा पातळ थर लावून मिळतो. तो थोडा जड होतो, परंतु पकड चांगली देतो.

पैसे जमल्यावर साधे, टोपी नसलेले, घोट्यापर्यंतचे औद्योगिक बूट घ्या. त्यांचे साधे प्रकार महागड्या ब्रँडच्या खेळाच्या बुटांपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतात.

जानापाव, आपला आक्षेप मान्य आहे, पण त्याला उपाय आहे. गिअरचे लिव्हर दात असलेल्या शाफ्टवर बसवलेले असते. दहाच्या पान्याने त्याचा बोल्ट ढिला करून लिव्हर बाहेर ओढायचे आणि एक दात वर फिरवून परत बसवायचे. जाड बुटाला जागा होते. टाच-चवडा अशी दुहेरी लिव्हर असेल तर एक दात वर केल्यावर मागचा भाग खाली जातो, म्हणून आधी बसून पाहावे. पायब्रेकची उंचीही अशीच जुळवता येते, पण ते काम मेकॅनिककडूनच करून घ्यावे, कारण ब्रेकची मोकळी चाल बिघडली तर नुकसान मोठे होईल.

जानापाव | १० जून, सकाळी ८.१०

दात फिरवण्याचे मला सुचलेच नव्हते. आज संध्याकाळी करून पाहतो.

शुभंकरोति | १० जून, दुपारी ४.३०

या धाग्यात आतापर्यंत फक्त गाडी चालवणाऱ्यांचा विचार झाला आहे, मागे बसणाऱ्यांचा नाही. मी शिक्षिका आहे आणि शाळेत साडी नेसावी लागते. पावसाळ्यात स्कूटर न नेता यजमानांच्या मोटारसायकलवर मागे एका अंगाने बसून जाते. एका अंगाने बसले, की दोन्ही पाय डाव्या बाजूच्या एका लहानशा पायरीवर असतात आणि पट्टा नसलेली चप्पल किंवा उंच टाचेची सँडल गतिरोधकावर हमखास सुटते. सुटलेली चप्पल वाचवायला बाई नकळत खाली वाकते आणि तोल जातो. मैत्रिणींना मी नेहमी सांगते, की साडीखाली बूट शोभत नाहीत असे वाटत असेल तर निदान मागे पट्टा असलेली, सपाट, रबरी तळाची सँडल तरी घालावी आणि चांगली चप्पल पिशवीत न्यावी. मी स्वतः कापडी अस्तराचे, वेलक्रोचे साधे काळे बूट घालते आणि शाळेत गेल्यावर बदलते. दोन मिनिटे लागतात.

मागच्या चाकावरची साडीची जाळी नवीन गाडी घेतल्यावर बरीच मुले शोभेसाठी काढून टाकतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ प्रमाणे मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण आवश्यक आहे. ती जाळी साडी वाचवते, तशीच लहान मुलांचे पाय वाचवते. आमच्या शाळेतील दुसरीच्या एका मुलीचा पाय असाच मागच्या चाकाच्या आऱ्यांत गेला. तिच्या पायात रबरी स्लीपर होती आणि टाचेची मागची सगळी कातडी सोलून निघाली. तीन महिने ती शाळेत येऊ शकली नाही. मुलांना मागे बसवताना पायात बंद बूट असलाच पाहिजे, आणि त्यांचे पाय फूटरेस्टपर्यंत पोचत नसतील तर त्यांना मागे बसवूच नये, असे मला अगदी कळकळीने सांगावेसे वाटते.

डॉ_सुदामानगर | १० जून, रात्री ९.००

ताई, आपण लिहिलेत ते अक्षरशः खरे आहे. चाकाच्या आऱ्यांत टाच जाण्याची दुखापत आमच्याकडे मुख्यतः मुलांमध्येच दिसते. वरून जखम लहान वाटली तरी टाचेमागची जाड शीर (कंडरा) दुखावलेली असू शकते आणि चिरडलेली कातडी पुढच्या चार-पाच दिवसांत काळी पडत जाते. म्हणून घरी पट्टी बांधून थांबू नये, त्याच दिवशी दाखवावे.

रामबागकर | १९ जुलै, रात्री १०.१०

मंडळी, महिनाभर गप्प होतो, कारण वापरून पाहिल्याशिवाय लिहायचे नव्हते.

सियागंजमध्ये औद्योगिक सामान विकणाऱ्या एका दुकानात संध्याकाळी गेलो. दिवसभराच्या वावराने पाय थोडे फुगलेले असतात, त्या वेळी माप घेतलेले बरे, असे माझ्या डॉक्टरांनी सांगितले होते. जाड सुती मोजे बरोबर नेले होते. पाच जोड पिळून, दाबून पाहिले आणि त्यांतले दोन तिथेच बाजूला पडले. एकाच्या तर दोन्ही कडा मधोमध जवळजवळ टेकल्या. शेवटी आयएस १५२९८ भाग ४ चे, काळ्या चामड्याचे, घोट्याच्या वर चार बोटे येणारे, नायट्राइल सोलचे बूट २,३५० रुपयांना घेतले. दुकानदारांना विनंती करून ते घालून बाहेर उभ्या माझ्याच गाडीवर बसलो आणि इंजिन बंद ठेवून पंधरा-वीस वेळा क्लच दाबून गिअर वरखाली केला. त्यांनी हरकत घेतली नाही. बूट घेणाऱ्या प्रत्येकाने हे करावे, कारण दुकानातल्या बाकावर बसून जे कळत नाही ते फूटरेस्टवर पाय ठेवताच कळते. पहिला जोड मापाला बरोबर होता, तरी पायब्रेकवरून उचलताना त्याच्या सोलची बाहेर आलेली कड इंजिनच्या झाकणाला घासत होती. दुसऱ्याची कड आखूड होती, तोच घेतला.

पहिल्या आठवड्यात टाचेला फोड आला. ऑफिसात एक तास, मग दोन तास असे करत बूट रुळवले आणि गाडीवर दहा दिवसांनी घातले. लिव्हर एक दात वर घेतला; पिथमपूरकर, तो सल्ला नसता तर मी बूट परत केले असते.

पावसाचा अनुभव लिहितो. चामड्याला घरी मेण चोळले होते, तरी मुसळधार पावसात पाणी वरून, पँटवरून ओघळत आत गेलेच. बूट कितीही जलरोधक असला तरी पँट बुटात खोचली तर तो आतून भरतो, म्हणून रेनकोटची पँट बुटाबाहेर, खालपर्यंत सोडली पाहिजे. ओले बूट गॅसजवळ किंवा उन्हात ठेवू नयेत. लेस पूर्ण सैल करून आत वर्तमानपत्राचे बोळे भरले आणि दोन तासांनी बदलले, की सकाळपर्यंत घालण्याजोगे होतात. पावसाळ्यात लोक पीव्हीसीचे गमबूट घालतात तेही मी चार दिवस घालून पाहिले. पाय आत सैल राहतो, टाच उचलली की बूट मागे राहतो, आणि ब्रेकवरून गिअरकडे लक्ष जाईपर्यंत पाय बुटात फिरलेला असतो. मला ते सुरक्षित वाटले नाहीत.

आपल्या काळ्या मातीचा त्रास मात्र मला आधी सुचला नव्हता. राऊकडे एका मित्राच्या प्लॉटवर गेलो होतो. दहा पावलांत सोलची सगळी नक्षी मातीने भरून तळ साबणासारखा झाला, आणि तसाच पाय फूटरेस्टवर ठेवला तर तो पुढे सरकला. आता हँडलला एक बोटभर लांबीची बांबूची काडी बांधून ठेवली आहे. कच्च्या रस्त्यावर उतरलो, की गाडीवर बसण्याआधी फूटरेस्टच्या कडेवर सोल घासतो आणि उरलेली माती काडीने काढतो. खोल आणि एकमेकांपासून दूर असलेल्या खाचांतून माती लवकर सुटते. बारीक नक्षीत ती घट्ट बसते.

ऑफिसात कोणी काही म्हटले नाही. ब्रशने पॉलिश केल्यावर ते साध्या बुटांसारखेच दिसतात. गेल्या रविवारी मंडळाच्या कार्यक्रमाला कोल्हापुरी घालायची होती, ती पिशवीत नेली आणि तिथे पोचल्यावर बदलली. शुभंकरोति ताई, ही युक्ती तुमचीच.

त्याच सिग्नलवरून मी रोज जातो. पांढऱ्या पट्ट्यावर पाय टेकवणे आता टाळतो आणि दोन पट्ट्यांमधल्या डांबरावर टेकवतो. परवा पावसात चुकून पट्ट्यावर पाय पडला. सोल किंचित सरकला आणि थांबला, आणि घोटा जागेवर राहिला. माझा हात मात्र काही वेळ थरथरत होता.

भंवरकुआँ_विद्यार्थी | २० जुलै, सकाळी ९.२५

दादा, फार छान झाले. मी शाळेच्या बुटांना शिवण मारून घेतली आणि खाली टायरचे रबर लावले. दोन्ही मिळून दोनशे वीस रुपये झाले. रबराची कड थोडी बाहेर आली होती आणि ती गिअरच्या लिव्हरला अडकत होती, म्हणून परत नेऊन कापून घेतली. कोणी असे करून घेणार असेल तर आधीच सांगावे.

जुना_बुलेटवाला | २० जुलै, सायंकाळी ५.४०

रामबागकर, तुम्ही घेतलेल्या बुटाच्या टाचेचा ठोकळा किती उंच आहे? माझे बूट आता फार जुने झाले आहेत आणि किकसाठी खोबण हवी, म्हणून विचारतो.

रामबागकर | २० जुलै, रात्री ९.१५

काका, आत्ताच पट्टीने मोजले. टाच जमिनीपासून तीन सेंटिमीटर आहे आणि पुढची कड मधल्या तळापासून दीड सेंटिमीटर खाली येते. ती कड सरळ आहे, गोल नाही. माझा आठ नंबर आहे. तुमचाही तोच असेल तर रविवारी सकाळी बूट घेऊन तुमच्याकडे येतो, तुमच्याच बुलेटवर किक मारून पाहा आणि मग ठरवा.